टकल्याचा शेंडा

"जरा अजून मोठा आ करा," डॉक्टर म्हणाले. पेशंटने आ केला, तसा त्यांनी विषय काढला. "परवा रविवारी बोन्सायचं प्रदर्शन आहे. यंदा आमचा सायप्रस ठेवतोय. तुम्ही पाहिलाय की नाही तो?"

"आं," पेशंट म्हणाला.

"नाही पाहिला? मग पाहिलंत काय तुम्ही आयुष्यात!"

डॉक्टर दातांचे होते, त्यामुळे त्यांना श्रोत्यांची वानवा कधी भासली नाही. खुर्चीत आडवा झालेला, गालात कापसाचे बोळे आणि ओठाला लाळ ओढणारी नळी लावलेला माणूस वाद घालत नाही, विषय बदलत नाही आणि 'बराय, निघतो' असंही म्हणत नाही. अशा माणसाला डॉक्टर सायप्रसची हकीकत पहिल्यापासून सांगत. बी रुजवलं तेव्हा रोप काडेपेटीतल्या काडीएवढं होतं. आता बुंधा मनगटाएवढा झालाय आणि मुळाशी असा पसरलाय, की बघणाऱ्याला वाटावं, आपल्या पणजोबांच्या आधीपासून उभा आहे. उंची मात्र हातभर. मूळचं हे झाड दलदलीतलं, पाण्यात पाय सोडून उभं राहणारं, इमारतीच्या वर जाणारं. त्याला हातभर ठेवायचं म्हणजे काय गंमत आहे? फांदी कोवळी असताना तार गुंडाळायची, रोज नजर ठेवायची, तार सालीत रुतायच्या आत सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची.

"तुमच्या मुलीच्या दातांना लावली ना, तीच तार," डॉक्टर सांगत. "दात काय आणि फांदी काय, घाई केली की संपलं. चूळ भरा."

झाडाचं पूर्ण नाव बाल्ड सायप्रस, म्हणजे टकला सायप्रस. थंडी आली की तो विटकरी होतो आणि मग सगळी पानं गाळून उघडा पडतो. पहिल्या वर्षी बायकोने तो मेला असं समजून कुंडीसकट कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला होता. डॉक्टर अनवाणी जिने उतरून त्याला परत घेऊन आले आणि वर येताना जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला "झोपलाय तो, झोपलाय" असं सांगत होते. डॉक्टरांच्या डोक्यावर तर बारमाही थंडी. तेव्हापासून घरात दोघांचं मिळून एकच नाव पडलं. "एक टकला दुसऱ्याला पाणी घालतोय," असं बायको फोनवर मैत्रिणीला सांगे, आणि मैत्रिणीला पुढे काही विचारावं लागत नसे.

या सगळ्यात डॉक्टरांचा जीव होता तो शेंड्यात. शेंडा सुईसारखा सरळ होता. तो तसा राहावा म्हणून डॉक्टरांनी त्याला वर्षानुवर्षं तारेचा आधार दिला होता, खिडकीकडे झुकायला लागला की कुंडी फिरवली होती आणि एकदा तर लग्नाला जायचं सोडून ते त्याच्यापाशी बसले होते. बोन्साय मंडळात वकीलसाहेब म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचं जुनिपर, म्हणजे डोंगरात वाढणारं सदाहरित झाड, दर प्रदर्शनात पहिलं येई. गेल्या वर्षी वकीलसाहेबांनी डॉक्टरांच्या झाडाभोवती सावकाश फेरी मारली होती आणि म्हणाले होते, "शेंडा चांगलाय. बाकी बघू." त्या एका वाक्यावर डॉक्टरांनी अख्खं वर्ष काढलं होतं.

घरात सायप्रसला विरोधक एकच, त्या म्हणजे सासूबाई. विरोधाचं कारण गुडघे. या जातीच्या झाडाची मुळं जमिनीतून वर येतात, त्यांना गुडघे म्हणतात. कुंडीत ते सहसा येत नाहीत. पण मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या कुंडीत अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी वर आलं. डॉक्टरांनी मंडळातल्या लोकांना चहाला बोलावलं. माणसं गॅलरीत उकिडवी बसून, माना वाकड्या करून "वा, गुडघा!" म्हणत होती. आत सासूबाई आपल्या दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

"माझे दोन आहेत," त्या लेकीला म्हणाल्या, तेही बाहेर ऐकू जाईल अशा बेताने. "चांगले नारळाएवढे झालेत. ते बघायला नाही कोणी आलं."

सासूबाई रोज सकाळी कोमट पाण्यात मीठ टाकून पाय शेकत. त्यासाठी त्यांचा एक पसरट टब होता. सायप्रसचाही एक टब होता. दलदलीतलं झाड म्हणून डॉक्टर त्याची कुंडी पाण्यात उभी करून ठेवत. दोन्ही टब एकाच दुकानातले, एकाच निळ्या रंगाचे. आजवर दोघांनी एकमेकांच्या टबाकडे वाकड्या नजरेने पाहिलं नव्हतं. सुरुवात डॉक्टरांनी केली.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सायप्रस पाण्यातून काढला, कुंडी पुसली आणि गॅलरीत एका स्टुलावर ठेवली. मातीवर पसरायला त्यांनी शेवाळ आणलं होतं. ते रात्रभर भिजत घालायला हवं होतं. त्याला पसरट भांडं हवं. डॉक्टरांनी घरभर पाहिलं आणि सासूबाईंचा टब उचलला. झाडाच्या टबात का नाही घातलं, असं नंतर बायकोने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "त्या पाण्याला वास येतो." आपल्या पायांच्या टबात काय येतं आणि काय नाही, याचा विचार सासूबाईंवर सोपवून ते शांतपणे झोपी गेले.

सकाळी सासूबाईंना आपल्या टबात हिरवं काहीतरी पोहताना दिसलं.

"अगं, माझ्या टबात शेवाळ धरलंय!"

"धरलं नाही आई, ह्यांनी घातलंय," लेक आतून म्हणाली. ती साडीला इस्त्री करत होती. "आजच्या दिवस दुसरं काहीतरी घे."

दुसरं काहीतरी समोरच होतं. सासूबाईंनी सायप्रसचा टब घासला, त्यात गरम पाणी आणि मीठ घातलं. भरलेला टब आत नेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथेच गॅलरीत बुटक्या स्टुलावर बसून पाय सोडले. बराच वेळ त्या सुखाने बसल्या. मग पाणी गार झालं आणि त्यांना उठायचं झालं. खोलीत त्या पलंगाचा कठडा धरून उठत. गॅलरीत एका बाजूला गुळगुळीत भिंत होती, डोक्यावर कपड्यांची दोरी होती आणि उजव्या हाताला, बरोबर हातात यावं अशा उंचीवर, काहीतरी सरळ आणि उभं होतं.

डॉक्टर दाढी करत होते. 'कडाक्' असा आवाज झाला. हाडं, दात आणि फांद्या यांचे आवाज त्यांना वेगवेगळे ओळखता येत. अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन ते गॅलरीत धावले.

सासूबाई टबात उभ्या होत्या.

"हे काय झालं?" डॉक्टर कसंबसं म्हणाले.

"वारा होता," सासूबाई म्हणाल्या. शेंडा अजून त्यांच्या मुठीत होता.

डॉक्टरांनी एकदा त्या मुठीकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. सासूबाईंना उलट बोलण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. अशा वेळी ते बायकोमार्फत बोलत. "अगं, आईंना विचार, वारा कुठून आला. खिडक्या बंद आहेत."

"पंख्याचा," सासूबाईंनी लेकीकडे बघत उत्तर दिलं.

"गॅलरीत पंखा नाही म्हणावं."

"मग घरातला."

"घरातला बंद आहे!"

"आता झाला असेल बंद," सासूबाई म्हणाल्या. शेंडा त्यांनी अलगद कुंडीच्या काठावर ठेवला, जणू वाटेत कोणाची तरी पडलेली वस्तू सापडली होती. मग पाय पुसून त्या आत गेल्या. चालताना मात्र नेहमीपेक्षा जास्त लंगडल्या.

डॉक्टर त्या बुटक्या स्टुलावर मटकन बसले. वरचा वीतभर भाग गेला होता. जिथे सुई होती, तिथे आता पांढरट, फाटकी, धागे निघालेली जखम होती. कोवळी हिरवीगार पानं खालच्या फांद्यांवर तशीच डुलत होती, वर काय झालंय याची त्यांना वार्ताच नव्हती.

"नाही जायचं प्रदर्शनाला," डॉक्टर म्हणाले. "फोन करून सांग, मला ताप आलाय."

बायको इस्त्री केलेली साडी हातावर घेऊन उभी होती. तिला नवऱ्याची दया आली, आणि साडीचीही. "मला एक सांगा. एखाद्याचा दात पडला आणि तो घरी रडत बसला, तर तुम्ही त्याला काय सांगता?"

"तुकडा दुधात घाल आणि धावत ये म्हणून."

बायको आत गेली आणि पेलाभर दूध घेऊन आली.

"अगं, झाड आहे ते!" डॉक्टर ओरडले. पण ओरडता ओरडता ते उठले होते. "पाणी आण पाणी. आणि दवाखान्याच्या किल्ल्या कुठायत?"

निघताना सासूबाई चपला घालून दारात तयार होत्या. "मी पण येते. घरी एकटी बसून काय करू?" डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने छताकडे पाहिलं आणि तिघं व एक झाड असे गाडीत बसले.

रविवारचा बंद दवाखाना उघडून डॉक्टरांनी सायप्रसला खुर्चीत आडवा केला. कुंडीखाली उशी दिली, बुंध्याभोवती पेशंटच्या गळ्यात बांधतात तो निळा कागद बांधला, वरचा दिवा लावला. जखम वाऱ्याच्या पिचकारीने कोरडी केली. दात चिकटवायचं सिमेंट कालवलं. शेंड्याला मागून केसासारखी बारीक तार लावली. हात आपोआप सराईतासारखे चालू लागले, आणि सवयीने तोंडही. "थोडं झोंबेल हं," ते म्हणाले. "हलायचं नाही अजिबात."

दिवा बघून एक गृहस्थ गाल धरून दरवाज्यापाशी आले होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं. खुर्चीत पानं होती. डॉक्टर त्यांच्यावर वाकून निळा प्रकाश पाडत होते.

"झालंच. तुम्हाला घेतो नंतर," डॉक्टर मागे न बघता म्हणाले. "काय होतंय?"

"नाही, नाही, आता बरं वाटतंय," गृहस्थ म्हणाले आणि जिना उतरून गेले.

काम मात्र असं झालं, की डॉक्टर स्वतःच थक्क झाले. शेंडा पुन्हा सुईसारखा उभा होता. हाताच्या अंतरावरून सांधा कळत नव्हता. बायकोने चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. "अहो, काही म्हणजे काही दिसत नाही!" डॉक्टरांची छाती जरा वर आली. सासूबाई बाहेरच्या बाकावर बसून जुनी मासिकं चाळत होत्या. त्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "बघा. काही झालंच नव्हतं."

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, त्यांवर झाडं, आणि झाडांमागे आपापले मालक, लग्नात मुलीचे वडील उभे राहतात तसे. डॉक्टर आपल्या टेबलामागे उभे राहिले. लोक येत होते, बुंधा बघत होते, गुडघा बघत होते, माना डोलावत होते. सासूबाईंनी टेबलाशेजारी खुर्ची मागून घेतली होती. कोणी जरा पुढे वाकलं, की त्या म्हणत, "लांबून. लांबून बघा." लोकांना वाटलं, ही फारच मौल्यवान वस्तू असणार. गर्दी वाढली.

वकीलसाहेब आले. मागे हात बांधून त्यांनी फेरी मारली. "शेंड्याला अजून तार?"

"आधार," डॉक्टर म्हणाले.

"सरळ तर आहे. आधार कशाला?"

"सवय लागलीय त्याला."

वकीलसाहेबांनी भुवया उंचावल्या. उलटतपासणी पुढे गेली असती, पण तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "लांबून!"

दुपार होत आली तसं सभागृह तापायला लागलं. आणि डॉक्टरांना जे दिसायला नको होतं, ते दिसलं. दाताचा तुकडा चिकटवला की चिकटला. तो सुकत नाही. शेंडा सुकत होता. खालची पानं पिसासारखी ताठ होती आणि वरची मलूल होऊन खाली झुकली होती. डॉक्टरांनी पाण्याची पिचकारी मारली. पानं ओली आणि मलूल झाली. बायकोने साडीच्या पदराने वारा घातला, तर शेंडा एका बाजूला किंचित कलला. डॉक्टरांनी डोळ्यांनीच तिला थांबवलं. आता दोघंही श्वास जपून घेत होते.

"परीक्षक बाई आल्या," कोणीतरी म्हणालं.

परीक्षक बाई मुद्दाम दुसऱ्या शहरातून बोलावल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्या फार बोलत नसत. वकीलसाहेबांच्या जुनिपरपुढे त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि "छान," एवढंच म्हणाल्या. वकीलसाहेबांनी ते निकालासारखं स्वीकारलं.

मग त्या सायप्रसपाशी आल्या. कमरेत वाकल्या. बुंध्यावरून बोट फिरवलं. "बीपासून?"

"बीपासून," डॉक्टर म्हणाले.

"आणि हा गुडघा! कुंडीत!"

"हो."

"फांद्यांना तारेचा एक वळ नाही कुठे. हात चांगला आहे तुमचा."

डॉक्टरांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यात त्यांनी हजारो दाढा काढल्या होत्या, पण हात चांगला आहे असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. लोक घाईघाईने पैसे देत आणि गाल धरून पळत. आता बाईंनी इथूनच पुढच्या टेबलाकडे जावं, अशी त्यांनी मनोमन प्रार्थना केली.

बाईंची नजर वर गेली. कपाळाला आठी पडली. झाड मागून बघावं म्हणून त्यांनी कुंडी धरली आणि फिरवली.

टप्.

शेंडा पांढऱ्या चादरीवर पडला. त्याच्यामागून सिमेंटची एक खपली पडली आणि मग ती केसासारखी तार, हलत हलत.

बायकोने पदर तोंडाला लावला. वकीलसाहेब पाय न वाजवता जवळ आले. डॉक्टरांना वाटलं, आता आपण फक्त दातांविषयीच बोलावं. मरेपर्यंत.

परीक्षक बाईंनी शेंडा उचलला, बोटांत फिरवला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. "बरं झालं. मी आता तेच सांगणार होते."

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"सगळं झाड म्हातारं, भारदस्त, आणि डोक्यावर हे पोरकट टोक! अहो, दलदलीतले जुने सायप्रस पाहिलेत का? त्यांना शेंडाच नसतो. वादळं नेतात, विजा नेतात. मग माथा सपाट होतो आणि फांद्या आडव्या पसरतात. तिथे कुठे त्या झाडाला रूप येतं. सगळ्यांना हे ठाऊक असतं, पण एवढा वाढवलेला शेंडा तोडायला कोणाचा हात धजत नाही." त्या पुन्हा वाकल्या आणि जखमेवरची उरलेली खपली नखाने काढली. "आणि हे कात्रीचं काम नाही. करवतीचंही नाही. बघा, धागे कसे उभे निघालेत. पिळून, ओढून मोडलंय. असं फक्त वादळ मोडतं. मी स्वतः कितीदा प्रयत्न केला, मला नाही साधलं. कोणी केलं हे?"

सगळ्यांच्या माना डॉक्टरांकडे वळल्या. वकीलसाहेब अगदी समोर होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरांनी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तो हेवा होता. 'मी' हा शब्द डॉक्टरांच्या जिभेवर आला. एक अक्षर. ते ओठांशी आलं, आणि ओठ उघडणार, इतक्यात शेजारची खुर्ची करकरली.

"मी मोडलं," सासूबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. आपल्या आपण, कशाला न धरता.

"आई, वारा..." बायको पुटपुटली.

"वारा कसला डोंबलाचा! खिडक्या बंद होत्या. मी मोडलं."

"तुम्ही बोन्साय करता?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"मी पाय शेकते."

बाईंना हे कळलं नाही, पण त्या पुढे सरकल्या. "कसं मोडलंत? सांगाल का जरा?"

"त्यात काय सांगायचं? असं धरलं मुठीत." सासूबाईंनी मूठ करून दाखवली. "आणि टाकला सगळा भार. अर्धवट टाकून नाही चालत. अर्धवट टाकला तर माणूस पडतं."

परीक्षक बाई मंडळाच्या लोकांकडे वळल्या. "ऐकलंत? अर्धवट भार टाकून चालत नाही. आपण सगळे भीत भीत करतो आणि तिथेच फसतो." लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मागून एका बाईंनी विचारलं, "आजी, डाव्या हाताने केलं की उजव्या?"

डॉक्टर हातातल्या शेंड्याकडे बघत उभे होते. इतकी वर्षं जपलेली ती सुई आता जुडीतून गळलेल्या कोथिंबिरीच्या काडीसारखी दिसत होती. आपल्याला राग यायला हवा, असं त्यांना वाटलं. ते वाट बघत राहिले. राग काही आला नाही. त्याऐवजी समोर सासूबाई दिसत होत्या, भोवती माणसांचं कोंडाळं, आणि त्या एकेकाला मूठ करून दाखवत होत्या. डॉक्टरांची छाती अशी फुगली, की कोटाचं बटण ताणलं गेलं.

"या माझ्या सासूबाई," ते शेजारच्या माणसाला म्हणाले. तो माणूस त्यांना ओळखतही नव्हता. "आमच्याकडेच असतात. माझ्याच घरात मोडलं हे."

तेवढ्यात सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला आवाज झाला. 'कडाक्.' सगळे वळले. वकीलसाहेब आपल्या जुनिपरसमोर उभे होते. त्यांच्या मुठीत शेंडा होता आणि चेहरा पडत चालला होता.

"मला वाटलं..." ते म्हणाले.

परीक्षक बाईंनी डोळे मिटले. "वकीलसाहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ते जुनिपर आहे हो."

पहिलं बक्षीस सायप्रसला मिळालं. नाव पुकारताना "डॉक्टर आणि त्यांच्या सासूबाई" असं पुकारलं गेलं. डॉक्टरांनी सासूबाईंना हात दिला आणि दोघं पायऱ्या चढून व्यासपीठावर गेले. चषक त्यांनी दोघांत धरला. फोटो काढणाऱ्याने सांगितलं, "डॉक्टर, जरा बाजूला व्हा, आजी झाकल्या जातायत." डॉक्टर झाले बाजूला. टाळ्या वाजत होत्या तेव्हा सगळ्यात जोरात तेच वाजवत होते.

परतताना सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. सायप्रस त्यांच्या मांडीवर होता. डॉक्टरांनी तो मागे ठेवायला मागितला, तर म्हणाल्या, "राहू दे. मागे धक्के बसतात." बायको मागे चषक घेऊन बसली होती आणि खिडकीबाहेर बघून हसत होती.

बरंच अंतर गेल्यावर सासूबाई समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "शेंडा चांगला होता हो तुमचा."

या वेळी त्या लेकीमार्फत बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी गाडीचा वेग जरा कमी केला. "छे हो, आई. पोरकट होता."

"कष्ट होते त्यात."

"होते," डॉक्टर म्हणाले. "पण मला आयुष्यात कधी मोडवला नसता तो. तुम्ही होतात म्हणून."

समोरून ऊन येत होतं, तेव्हा सासूबाईंनी पदराचं टोक पुढे करून सायप्रसच्या उघड्या माथ्यावर धरलं.

इमारतीत लिफ्टपाशी वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. चषक, झाड, तिघांचे चेहरे, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. "अगंबाई, पहिलं आलं का? किती सुंदर झाड! कोणाचं हे?"

डॉक्टरांनी सवयीने तोंड उघडलं. बी, काडी, बुंधा, तार, सगळं ओळीने जिभेवर तयार होतं.

"माझं," सासूबाई म्हणाल्या आणि कुंडी सावरत लिफ्टमध्ये शिरल्या. दार लागता लागता त्यांनी मागे वळून जावयाकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने पुढे जोडलं, "पाणी तेवढं आमचे जावई घालतात."

"रोज घालतो," डॉक्टर अभिमानाने म्हणाले.